सातबारापासून बँक खात्यापर्यंत सगळं एका सिमवर. ही चावी नक्की तुमच्याच हातात आहे का?

जळगाव/धुळे : पीक विमा, ई-पीक पाहणी, फार्मर आयडी, पीएम किसानची ई-केवायसी... आता शेतकऱ्याचं एकही काम मोबाईलशिवाय होत नाही. चोपडा-रावेरचा केळीवाला असो की साक्री-शिंदखेड्याचा कांदा-कापूसवाला, त्याच्या आधार आणि पासबुकाचा फोटो मोबाईलमध्ये असतो. दुसरी प्रत सेतू केंद्राच्या कॉम्प्युटरवर राहते आणि तिसरी गुगलच्या खात्यात, म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात तिथे. कागद एकच, ठेवलाय तीन जागी. या सगळ्याची चावी मात्र बहुतेकदा एकच असते : आपला मोबाईल नंबर आणि त्यावर येणारा ओटीपी.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. त्यासाठी बँकेच्या यंत्रणेत घुसावं लागलं, बनावट कार्डं करून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढावे लागले. गावातल्या माणसाचं खातं रिकामं करायला एवढी मेहनत लागत नाही. दार आतून आपणच उघडून देतो.

पत्रिका कधी अ‍ॅप नसते

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'पीएम किसान', 'आरटीओ चलन' किंवा 'लग्नपत्रिका' अशा नावाची फाईल येते. नावाच्या शेवटी काय लिहिलंय ते आधी बघा. फोटो असेल तर जेपीजी, कागद असेल तर पीडीएफ असतं. शेवटी एपीके असेल तर ते अ‍ॅप आहे, आणि पत्रिका किंवा चलन कधी अ‍ॅप नसतं. पीएम किसानचं खरं अ‍ॅप प्ले स्टोअरवर मिळतं, ग्रुपवर नाही.

अशी फाईल इन्स्टॉल केली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते. 'अलाऊ' दाबलं की खेळ खलास. मग तुम्ही कुणालाच ओटीपी सांगितला नाही तरी तो चोराला दिसतो. पुष्कळदा तीच फाईल तुमच्या नंबरवरून तुमच्याच नातेवाईकांना जाते. म्हणून भाचा किंवा सरपंचांच्या नंबरवरून आली एवढ्यावरून फाईल खरी धरू नका. आधी फोन करून विचारा.

चुकून इन्स्टॉल झालीच तर लगेच नेट बंद करा, फोन फ्लाईट मोडवर टाका. दुसऱ्याच्या मोबाईलवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा. मगच ते अ‍ॅप काढा. निघत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट करावा लागतो. नवे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून टाका.

सेतू केंद्राचा कॉम्प्युटर

विम्याच्या शेवटच्या तारखेला केंद्रावर गर्दी असते. घाईघाईत प्रिंटसाठी कुणी व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतं, कुणी जीमेल, आणि तसंच सोडून घरी येतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून बघा. तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर लॉग आऊट करा.

डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड असतो नावाची इंग्रजीतली पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल. म्हणजे ओळखीचा कुणीही ती फाईल उघडू शकतो. काम झालं की केंद्रचालक भाऊंना फाईल डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधूनही काढायला सांगा. त्यात संकोच नको. चालेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यावर नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये बोटाचे ठसे लॉक करता येतात. मग ठशावर पैसे काढण्याचा प्रकार चालत नाही. ठसा देऊन ई-केवायसी करायची असेल तेव्हा तेवढ्यापुरतं लॉक उघडायचं.

क्लाउड म्हणजे ढगात नव्हे

क्लाउड म्हणजे दूर कुठेतरी असलेला कंपनीचा कॉम्प्युटर. गुगल तिथे १५ जीबी जागा फुकट देतं. बॅकअप चालू असेल तर फोन हरवला तरी फोटो परत मिळतात. पण जीमेलचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्यालाही ते दिसतात. आपल्याकडे कित्येकांचं जीमेल दुकानदाराने किंवा पुतण्याने काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड अजून त्याच्याच वहीत असतो. तो आजच बदला. सेटिंगमध्ये गुगल खात्याच्या 'सिक्युरिटी'त आपलं खातं कोणकोणत्या फोनवर चालू आहे ते दिसतं. विकलेला जुना फोन तिथे असेल तर काढून टाका. तिथेच 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा, म्हणजे नुसत्या पासवर्डवर खातं उघडत नाही.

आणखी एक गल्लत होते. जागा भरली म्हणून गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला, तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. आधारसारखे कागद गॅलरीत ठेवण्यापेक्षा सरकारच्या डिजिलॉकरमध्ये ठेवलेले बरे. तिथे सरकारी खात्याकडून आलेला कागद मूळ कागदासारखाच धरला जातो.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० वर. तक्रार जितकी लवकर, तितके पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. 'सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन' या साईटवरही तक्रार होते. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सायबर पोलीस ठाणं आहे.

बँकेला कळवायला उशीर करू नका. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातला नियम असा होता : चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलं की तेवढा तोटा आपल्याच अंगावर येतो. किती वाजता कळवलं, तक्रार नंबर काय मिळाला, हे कागदावर लिहून ठेवा. पुढे बँकेत तोच कागद कामाला येतो.