परक्या वाय-फायवर ओळख कोणी कोणाला द्यायची?

पवईच्या आयआयटीतला विद्यार्थी परिषदेसाठी डेल्फ्टला गेला, की तिथल्या विद्यापीठाच्या आवारात त्याचा फोन आपसूक वाय-फायला जोडला जातो. नवा पासवर्ड नाही, ओटीपी नाही. या व्यवस्थेचं नाव ‘एज्युरोम’. नेदरलँड्सच्या सर्फनेटमधले क्लास विरेंगा यांनी 2002 मध्ये ती कल्पना मांडली. आज ती शंभरावर देशांत चालते, भारतात तिचं काम अर्नेट पाहते. फिरत्या उपकरणांची ओळख पटवण्यासाठी आजवर जे उपाय निघाले, त्यांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो.

कारण डेल्फ्टला त्या विद्यार्थ्याचा पासवर्ड कधी कळतच नाही. तिथली यंत्रणा युजरनेममधला ‘@’च्या पुढचा भाग तेवढा वाचते आणि विनंती रेडियस सर्व्हरांच्या साखळीतून मायसंस्थेकडे धाडते. फोन आणि पवईचा सर्व्हर यांच्यात सांकेतिक बोगदा तयार होतो आणि पासवर्ड त्यातून जातो. मधले सगळे सर्व्हर टपालवाल्यांसारखे. लखोटा पोचवतात, फोडू शकत नाहीत. ‘@’च्या आधीच्या नावाजागी निनावी मजकूर टाकण्याचीही सोय आहे. डेल्फ्टच्या हाती येतो होकार किंवा नकार, आणि होकार असेल तर त्या जोडणीपुरती किल्ली.

इथवर यायला बरीच पडझड झाली. वाय-फायचं पहिलं कुलूप, डब्ल्यूईपी, 2001 मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी कुचकामी ठरवलं. जीएसएम मोबाइलमध्ये टॉवर सिमची परीक्षा घेई, पण फोन टॉवरची घेत नसे; खोट्या टॉवरांचं त्यामुळे फावलं. थ्रीजीत परीक्षा दुतर्फा झाली. ग्राहकाचा कायमचा क्रमांक हवेत उघडा न पाठवण्याची सोय मात्र फाइव्हजीची वाट पाहत राहिली.

वेगाचा प्रश्न निराळा. बोलत बोलत जिना चढताना फोन एका अॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जातो. दर वेळी मायसंस्थेपर्यंत हेलपाटा घातला तर बोलणं तुटणारच. 2008 च्या 802.11आर मानकाने तोड काढली: पूर्ण तपासणी एकदाच, पुढच्या अॅक्सेस पॉइंटसाठी त्यातूनच किल्ल्या तयार. 2017 मध्ये मॅथी व्हॅनहूफ यांनी ‘क्रॅक’ हल्ला दाखवला तेव्हा ही झटपट पद्धतही त्याच्या तडाख्यात सापडली. दुरुस्त्या आल्या, पण घाईची किंमत दिसली ती दिसलीच.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी आलेला ई-मेल नवी मुंबईतल्या एका बिनकुलपाच्या वाय-फायवरून गेल्याचं निघालं. 2009 मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची नोंद ठेवण्याचे नियम आणले, आणि मोबाइलवरचा ओटीपी हा सरधोपट मार्ग झाला. जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रलला रेल्वेचं मोफत वाय-फाय आलं तेही त्याच वाटेने.

ओटीपी तपास यंत्रणेच्या प्रश्नाचं उत्तर देतो: वापरणारा कोण? प्रवाशाचा प्रश्न, म्हणजे हे जाळं खरं कोणाचं, तसाच राहतो. त्याच नावाचं बनावट वाय-फाय शेजारच्या बाकावरचा माणूसही उभं करू शकतो, आणि नंबर टाइप करताना फरक कळत नाही. डिसेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणीने छोट्या दुकानदाराला वाय-फाय विकण्याची वाट मोकळी केली, ते चांगलंच. पण एज्युरोमचा धडा सर्वांसाठी खुला करणारी ‘ओपनरोमिंग’सारखी रचना फलाटावर यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एज्युरोमही आंधळेपणाने वापरण्याजोगं नाही. फोनने सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं नाही, तर बोगदा चोराच्या दारातच उघडतो. ‘प्रमाणपत्र तपासू नका’ हा पर्याय अँड्रॉइडने 2020 च्या अखेरीपासून काढायला घेतला, पण जुन्या फोनांत तो अजून आहे. तुमच्या किंवा मुलांच्या फोनात कॉलेजचं वाय-फाय असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन तेवढं एकदा पाहून घ्या.