रेडिएटरपुढची जाळी : काम छोटे, हिशेब मोठा

मोटारीचा रेडिएटर स्वच्छ ठेवावा, हा सल्ला प्रत्येक ड्रायव्हरने ऐकलेला असतो. परंतु रेडिएटरवर कचरा जाऊच नये म्हणून पुढे कोणती जाळी लावावी, तिचे भोक केवढे असावे आणि त्या जाळीनेच उलट नुकसान तर होणार नाही ना, याचा विचार फार थोडे लोक करतात. बाजारात मिळेल ती जाळी कापली, तारेने बांधली आणि काम झाले, असा प्रकार सर्रास चालतो. गॅरेजवाले, पत्राकाम करणारे कारागीर, जाळी विकणारे दुकानदार आणि स्वतःचा टेम्पो चालविणारे व्यापारी, या सर्वांचा या विषयाशी संबंध येतो. म्हणून आम्ही येथे तो सविस्तर मांडत आहोत.

उदाहरण म्हणून आम्ही पोर्शे या जर्मन स्पोर्ट्स कारची निवड केली आहे. ही गाडी आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात येणारी नाही, हे खरे. पण रेडिएटरमध्ये कचरा कसा साचतो आणि त्यातून काय होते, हे या गाडीत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे दिसत नाही.

दोष कुठे आहे?

पोर्शेच्या 911 या गाडीचे इंजिन मागच्या बाजूला असते. 1963 साली ही गाडी लोकांसमोर आली. त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षे तिचे इंजिन हवेने थंड होत असे. पाण्याचा रेडिएटर तिला नव्हताच. 1996 साली कंपनीने बॉक्स्टर ही गाडी आणि 1997 साली नवीन 911 बाजारात आणली. या दोन्ही गाड्यांची इंजिने पाण्याने थंड होणारी होती. बॉक्स्टरचे इंजिन सीटच्या मागे आणि 911 चे त्याहूनही मागे. रेडिएटर मात्र पुढे, दोन्ही पुढच्या चाकांच्या अलीकडे एकेक. काही मॉडेलमध्ये मधोमध तिसराही असतो. इंजिनातील गरम पाणी लांब नळ्यांतून गाडीच्या पोटाखालून पुढे येते, थंड होते आणि परत मागे जाते.

पुढच्या बंपरला दोन्ही बाजूंना मोठी तोंडे ठेवलेली असतात. त्यांतून आत शिरणारी हवा आधी एसीच्या कंडेन्सरमधून आणि नंतर रेडिएटरमधून जाते व चाकाजवळून बाहेर पडते. या तोंडांवर आडव्या पट्ट्या असतात, पण त्यांमधील अंतर इतके असते की पान सहज आत जाते. गाडी रस्त्याला लागून चालणारी, वेग जास्त आणि तोंडे खाली. त्यामुळे रस्त्यावरची पाने, पिसे, सिगारेटची थोटके, प्लॅस्टिकचे तुकडे आणि खडे असे सर्व काही आत ओढले जाते.

जर्मनी, इंग्लंड किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाडांची पाने गळतात आणि रस्ते ओल्या पानांनी भरून जातात. ही पाने बंपरच्या आत कंडेन्सरच्या तळाशी साचतात. त्यांचा चुरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत उतरतो आणि तेथे थर होऊन बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

येथे दोन प्रकारचे नुकसान होते. पहिले म्हणजे हवा अडते. रेडिएटरच्या नळ्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्या असतात. त्यांच्यामधून हवा गेली तरच पाण्यातील उष्णता निघून जाते. खालचा चौथा हिस्सा पानांनी बंद झाला, तर तेवढा रेडिएटर असून नसल्यासारखा होतो.

दुसरे नुकसान अधिक महागाचे आहे. ओला पाला दिवसेंदिवस अ‍ॅल्युमिनियमला चिकटून राहतो. हिवाळ्यात त्या देशांत बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारे पाणीही या पाल्यात मुरते. धातूवर पांढरी भुकटी येऊ लागते, पातळ नळी आतून-बाहेरून झिजते आणि शेवटी गळते. कंडेन्सर फुटला तर एसीचा गॅस जातो. रेडिएटर फुटला तर पाणी जाते. पाणी गेल्याचे वेळीच लक्षात आले नाही, तर इंजिन तापते, हेड वाकते आणि खर्च कुठल्या कुठे जातो. मुळात कारण काय, तर मूठभर पाने!

लक्षणे कशी ओळखावीत?

मोकळ्या रस्त्यावर वेगात चाललेल्या गाडीला वाऱ्याचा जोर मिळतो, त्यामुळे तापमानाचा काटा ठीक दिसतो. खरी परीक्षा गर्दीत होते. गाडी उभी असताना एसीचा गारवा कमी होतो आणि चालू लागली की परत येतो. कंडेन्सर पुढे असल्यामुळे बहुधा त्याचीच तक्रार आधी सुरू होते. रेडिएटरचे पंखे पूर्वीपेक्षा जास्त वेळ आणि मोठ्या आवाजात फिरतात. पार्किंगच्या जागी पुढच्या एका चाकाजवळ ओला डाग दिसू लागतो. यांपैकी काहीही दिसले तर बॅटरीचा प्रकाश त्या तोंडात टाकून पाहावे. पाला दिसला, तर दिसतो त्यापेक्षा जास्त आत आहे असेच समजावे.

जाळीचा हिशेब

आता जाळीकडे वळू. कापडाच्या धंद्यातील लोकांना हा हिशेब नवीन नाही. तारेची विणलेली जाळी म्हणजे ताणा-बाणाच. कापडाला जसे रीड-पीक, तसा जाळीला मेश नंबर. एका इंचात किती भोके, तो मेश नंबर. चार नंबरच्या जाळीत एका इंचात चार भोके.

पण एकच रीड-पीक असले, तरी सूत जाड वापरले की कापड घट्ट येते आणि बारीक वापरले की विरळ येते. जाळीचेही तसेच आहे. नुसता मेश नंबर सांगून सौदा केला तर निम्मीच माहिती मिळते. तारेची जाडी विचारलीच पाहिजे.

हिशेब सोपा आहे. भोकाच्या मापाला भोक अधिक तार या बेरजेने भागावे आणि आलेल्या आकड्याला त्याच आकड्याने गुणावे. म्हणजे जाळीचा किती भाग उघडा आहे ते कळते. चार नंबरच्या जाळीत एका तारेच्या मध्यापासून दुसऱ्या तारेच्या मध्यापर्यंतचे अंतर 6.35 मिलिमीटर असते. तार 0.7 मिलिमीटरची असेल तर सुमारे 79 टक्के भाग उघडा राहतो. तार 1.2 मिलिमीटरची असेल तर 66 टक्केच. नंबर तोच, पण हवेच्या वाटेत मोठा फरक.

जाळीला काळा रंग देतानाही हे लक्षात ठेवावे. 6 मिलिमीटर भोक आणि 1 मिलिमीटर तार असलेल्या जाळीचा 73 टक्के भाग उघडा असतो. पावडर कोटिंगचा थर तारेवर चारी बाजूंनी मिलिमीटरचा दहावा हिस्सा चढला, तर उघडा भाग 69 टक्क्यांवर येतो. फरक थोडा आहे, पण तो विसरता कामा नये.

मग मच्छरांची जाळी लावली तर? सोळा नंबरच्या बारीक तारेच्या जाळीचा उघडा भागही कागदावर 68 टक्क्यांच्या आसपास येतो. परंतु हा आकडा फसवा आहे. बारीक भोकातून हवेला जास्त घर्षण होते. शिवाय किडे, धूळ आणि पानांचा चुरा अशा भोकांत लवकर अडकतो. आज 68 टक्के उघडी असलेली जाळी महिन्याभरात निम्मीही उघडी राहत नाही. पाने अडवायची असतील तर 5 ते 6 मिलिमीटरचे भोक योग्य. पाइनच्या झाडाची सुईसारखी पाने त्यातूनही उभी निघून जातात, बारीक खडीही जाते. पण मोठी पाने आणि मोठे खडे बाहेर राहतात, आणि खरे नुकसान त्यांच्यामुळेच होते.

धातू कोणता?

स्टेनलेस स्टीलची विणलेली जाळी मजबूत असते आणि गंजत नाही, पण तिला एक अट आहे. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले, तर अ‍ॅल्युमिनियम झिजते. म्हणून अशी जाळी रेडिएटरला किंवा कंडेन्सरला टेकता कामा नये, आणि तिच्या कडेला रबराची पट्टी लावावी. पत्र्याला चिरा पाडून ताणलेली अ‍ॅल्युमिनियमची जाळी स्वस्त आणि वाकवायला सोपी, मात्र खड्यांनी लवकर दबते. जस्त चढविलेली लोखंडी जाळी कापली की कापलेल्या टोकांपासून गंज धरते. परदेशात काही गाडीमालक घराच्या पन्हाळीवर पाने अडविण्यासाठी मिळणारी प्लॅस्टिकची जाळी कापून लावतात. ती गंजत नाही, पण वेगाच्या हवेत हलू नये म्हणून पक्की बांधावी लागते.

जाळी कुठे बसवावी?

सर्वात महत्त्वाची गोष्ट ही आहे. जाळी रेडिएटरला चिकटवून कधीही लावू नये. पान तिच्यावर येऊन बसले की मागचा तेवढा भाग पूर्ण बंद होतो, जाळी हलून पात्यांवर घासते आणि कचरा पुन्हा आतच राहतो. जाळी बंपरच्या तोंडाशी असावी. तेथे अडकलेले पान डोळ्यांना दिसते आणि हाताने काढता येते. गाडी थांबली की बरीच पाने आपोआप गळून पडतात.

मात्र तोंड हे रेडिएटरपेक्षा लहान असते. तेथे हवेचा वेग जास्त असतो, आणि वेग दुप्पट झाला तर अडथळा साधारण चौपट होतो. म्हणून तोंडावरची जाळी जास्तीत जास्त मोकळी निवडावी. ती स्क्रूने किंवा क्लिपने बसवावी, म्हणजे काढता येईल. कायमची चिकटविलेली जाळी पुढच्या कारागिराला शिव्या द्यायला लावते.

जाळी लावण्याआधी आतील जुना कचरा काढणे आवश्यक आहे. नाहीतर चोराला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावल्यासारखे होईल. पोर्शेमध्ये यासाठी पुढचा बंपर उतरवावा लागतो आणि कंडेन्सर थोडा पुढे घेऊन मधली फट साफ करावी लागते. इंजिन थंड असावे आणि बॅटरीची तार काढलेली असावी, कारण विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो. आधी कोरडा कचरा व्हॅक्यूमने आणि मऊ ब्रशने काढावा. मग साध्या नळाचे पाणी मागून पुढच्या दिशेने सोडावे. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

जाळी लावण्याच्या आधी आणि नंतर, सारख्याच उन्हात व सारख्याच रस्त्यावर एसी चालू ठेवून तापमान पाहावे आणि लिहून ठेवावे. काटा पूर्वीपेक्षा वर जात असेल तर जाळी जास्त घट्ट आहे. ती बदलावी.

आपल्या कामात याचा उपयोग

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागांच्या गावांत झाडाची पाने कमी आणि उडती रुई जास्त. 6 मिलिमीटरच्या भोकातून रुई सरळ आत जाते. बारीक जाळी लावली तर ती लवकर नमद्यासारखी भरते. म्हणून अशा ठिकाणी सारख्या मापाच्या दोन बारीक जाळ्या कराव्यात. एक लावलेली, एक धुऊन वाळत घातलेली. शेतीच्या अनेक ट्रॅक्टरांत रेडिएटरपुढे काढता येणारी जाळी असते ती याच कारणासाठी. भुसा भरला की बाहेर ओढायची, झटकायची आणि परत सरकवायची.

जनरेटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. एका जागी बसविलेल्या बहुतेक डिझेल जनरेटरमध्ये पंखा हवा इंजिनाकडून रेडिएटरमधून बाहेर ढकलतो. म्हणजे रुई रेडिएटरच्या आतल्या बाजूला, पंख्याकडे साचते. बाहेरून रेडिएटर चकचकीत दिसतो आणि आत गादी तयार झालेली असते. अशा ठिकाणी रेडिएटरच्या बाहेर जाळी लावणे म्हणजे पैसे पाण्यात. जाळी खोलीत हवा शिरते त्या खिडकीला हवी. खात्री करायची असेल तर जनरेटर चालू असताना रेडिएटरच्या बाहेरच्या बाजूला कागदाचा तुकडा धरावा. चिकटला तर हवा आत जाते, उडाला तर बाहेर येते. पंख्याच्या बाजूला मात्र हात किंवा कागद नेऊ नये.

कारागीर बंधूंना आमचे सांगणे इतकेच की ग्राहकाला जाळी विकताना तीन गोष्टी सांगा: भोक किती, तार किती, धातू कोणता. जाळी लावली तरी सफाई संपत नाही, हेही सांगा. यात दोन मिनिटे जातात. पण हिशेब समजावून दिलेला ग्राहक दुसऱ्या खेपेला दुकान बदलत नाही. गाडीवाल्यांनी आठवड्यातून एकदा जाळीवर हात फिरवावा आणि वर्षातून एकदा आतून पाहणी करावी. पानगळीच्या देशात ही पाहणी पाने गळून संपल्यावर करावी, आणि रुईच्या गावात दर महिन्याला करावी.