'चूक झाली' म्हणजे हात झटकणं नव्हे

इंग्रज माणूस 'मी चूक केली' असं सरळ कबूल करतो आणि मराठी माणूस 'चूक झाली' म्हणून मोकळा होतो, हा समज आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. तो भाषेचा दोष नसलेल्या गोष्टीचं खापर भाषेवर फोडतो. 'माझा गैरसमज झाला' हे वाक्य 'मला ताप आला', 'मला भूक लागली' यांच्या रांगेतलं आहे. जे माणूस ठरवून करत नाही, त्याचा कर्ता मराठी त्याला सहसा करत नाही. ('गैरसमज करून घेऊ नका' म्हणताना मात्र ती समोरच्याला लगेच कर्ता करते!) शिवाय 'माझं चुकलं' यात 'मी' कुठेही नाही, तरी याहून पुरती कबुली मराठीत शोधावी लागेल. उलट अंग काढून घ्यायचं असेल तर इंग्रजीतही सोय आहे. 1987 साली इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर अमेरिकी संसदेत बोलताना अध्यक्ष रेगन यांनी 'गंभीर चुका झाल्या' याच घाटाचं वाक्य वापरलं होतं.

फ्रेंच तिसऱ्याच वाटेने जाते. तिथे चुकण्यासाठीचं रोजचं क्रियापद 'स त्रोंपे'. शब्दशः अर्थ स्वतःला फसवणं, पण बोलणाऱ्याच्या मनात फसवणूक वगैरे काही नसते. बदलापूरला जायचं असताना ठाण्याहून कसारा लोकल पकडली, तर कल्याण सोडल्यावर शहाड दिसतं आणि घोटाळा कळतो. हा प्रवासी फ्रेंचमध्ये 'स त्रोंपे द त्रँ' हा प्रयोग करील, म्हणजे गाडीच्या बाबतीत चुकणं. पण गाडी निघूनच गेली असेल तर 'राते' हे वेगळं क्रियापद लागतं. मराठीत 'गाडी चुकली' म्हणजे निघून गेली. भलत्या गाडीत बसण्याला तसं म्हणत नाहीत. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी मुलांनी हे दोन अर्थ आधी मराठीत वेगळे केले, तर इंग्रजीचा वळसा घ्यावा लागत नाही.

भाषेवर खापर फोडू नये यावर आक्षेप येईल की वाक्यरचनेचा मनावर काहीच परिणाम होत नाही का? होतो, पण मर्यादित. फॉसी आणि बोरोडित्स्की या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी आणि स्पॅनिश भाषकांना काही घटना दाखवल्या. वस्तू चुकून फुटली-सांडली, तर ते कुणाच्या हातून झालं हे इंग्रजी भाषकांना अधिक लक्षात राहिलं. स्पॅनिशमध्ये अशा वेळी 'फुटली' म्हणण्याची रीत आहे. मुद्दाम केलेल्या कृत्यांत मात्र दोघांच्या स्मरणात तसा फरक पडला नाही. म्हणजे भाषा लक्ष कुठे जावं ते थोडं सुचवते, प्रामाणिकपणा ठरवत नाही.

भाषेमुळे फसण्याचा खरा धोका वाक्यरचनेत नव्हे, ओळखीच्या शब्दांत असतो. फ्रेंच 'देसेप्सियों' इंग्रजी 'डिसेप्शन'सारखा दिसतो, पण त्याचा अर्थ फसवणूक नव्हे, निराशा. अशा शब्दांना 'खोटे मित्र' हे नाव 1928 साली दोन फ्रेंच लेखकांच्या कोशामुळे रूढ झालं. आपल्याला त्यासाठी फ्रान्सला जायला नको. मराठी-हिंदी एकाच डब्यात ऐकू येणाऱ्या ठाणे-डोंबिवलीत त्यांची वाण नाही. हिंदीत 'शिक्षा' घेतात, मराठीत भोगतात. हिंदीत 'कर चुकाया' म्हणणाऱ्याने कर भरलेला असतो. मराठीत 'कर चुकवला' म्हणजे बुडवलेला असतो.