धंदा शिकून येतो का?

मुलीने किंवा मुलाने कॉलेजात ‘उद्योजकता’ हा विषय घ्यायचे ठरवले, की घरात पहिला प्रश्न येतो, “धंदा काय पुस्तकातून येतो?” व्यापाऱ्याच्या मुलाला गल्ल्यावर बसून जे उमगते, ते पगारदाराच्या मुलाला कोण शिकवणार? पालकांची ही शंका रास्तच आहे.

तिचे उत्तर आपल्या देशात फार पूर्वीच शोधले गेले. १९६४च्या सुमारास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी आंध्र प्रदेशातील काकिनाडा शहराच्या व्यापारी-उद्योजकांसाठी प्रशिक्षण वर्ग आखले. प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा या मंडळींनी पुढे अधिक हालचाल केली, धंदा वाढवला. १९७० मध्ये गुजरातने नवउद्योजकांसाठी असेच वर्ग सुरू केले. १९८३ मध्ये अहमदाबादची भारतीय उद्योजकता विकास संस्था उभी राहिली. महाराष्ट्रातही महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र हे काम करते.

नेमके काय शिकवतात?

बाजाराची पाहणी, मालाची किंमत ठरवणे, प्रकल्प अहवाल, परवाने, कर आणि हिशेब. यात सर्वांत मोलाचा धडा खेळत्या भांडवलाचा. मसाले बनवणाऱ्या तरुणीने दुकानदारांना उधारीवर माल दिला, तर नफा वहीत लगेच दिसतो. पैसे मात्र दोन-तीन महिन्यांनी येतात. तोवर मिरची आणि मजुरी यांचे पैसे रोख मोजावे लागतात. चांगला चाललेला धंदाही इथेच अडखळतो. हे गणित घरची पुंजी घालवून शिकण्यापेक्षा वर्गात शिकलेले बरे.

पुढे वाटा कोणत्या?

स्वतःचा व्यवसाय ही एकच वाट नव्हे. घरचे दुकान किंवा कारखाना नव्या पद्धतीने सांभाळता येतो. बँकांच्या लघुउद्योग कर्ज विभागात, नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रांत, बचत गटांबरोबर काम करणाऱ्या संस्थांत, तसेच विक्री व नियोजनाच्या कामात अशा पदवीधरांना वाव असतो. मात्र प्रत्येक जागेची पात्रता व परीक्षा वेगळी असते, हे विसरू नये.

घाई नको

२००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात उमेदवाराने प्रकल्पखर्चाच्या ५ ते १० टक्के रक्कम स्वतः घालावी, अशी अट ठेवली गेली. आकडा छोटा वाटतो. पण अनुदान वगळता उरलेले सारे कर्जच असते आणि त्याचे हप्ते चुकत नाहीत. म्हणून पदवीनंतर त्याच क्षेत्रात एक-दोन वर्षे नोकरी करणे शहाणपणाचे. ती माघार नव्हे, उमेदवारीच आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी कॉलेजला तीन प्रश्न जरूर विचारावेत. विद्यार्थी प्रत्यक्ष कारखान्यात किंवा बाजारात किती दिवस काम करतात? शिकवणाऱ्यांत स्वतः धंदा केलेले कोणी आहे का? आणि जुन्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांचा व्यवसाय तीन वर्षांनंतरही चालू आहे? उत्तरे टाळाटाळीची आली, तर ती फी वाचवलेलीच बरी. तेवढे भांडवल हाताशी राहील.