छातीवरचे बिरूद

कामगारांच्या सभा भरविणाऱ्या माणसाने सदऱ्यांच्या दुकानावर बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु सदरा केवळ अंग झाकीत नाही. आपण कोण, हेही तो जगाला सांगतो. मोर्च्याला निघताना आम्ही युनियनचा बिल्ला छातीवर लावतो तो काही बटण तुटले म्हणून नव्हे. अमेरिकेतील संगणकावर काम करणाऱ्या तरुणांनी सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी असेच एक बिरूद छातीवर मिरविण्यास आरंभ केला. फरक एवढाच की, त्यांचे बिरूद दुकानातून विकत मिळे. त्या दुकानाचे नाव ‘थिंकगीक’.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करू. ‘गीक’ म्हणजे एके काळी अमेरिकन जत्रेच्या तंबूत जिवंत कोंबडीचे मुंडके दातांनी तोडून दाखविणारा इसम. पुढे चारचौघांत बुजणाऱ्या, पण एखाद्या विषयाचे वेड घेतलेल्या पोराला ही शिवी चिकटली. ‘हॅकर’ म्हटले की आज आपल्याला बँकेचे खाते लुटणारा चोर आठवतो. मूळचा अर्थ मात्र निराळा. १९६०च्या आगेमागे मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रविद्यालयात खेळण्यातल्या आगगाड्यांचे एक मंडळ होते. वर गाड्या धावत आणि टेबलाखाली तारांचे नि टेलिफोनच्या सुट्या भागांचे जंजाळ असे. त्या जंजाळात रमणाऱ्या पोरांनी एखादी चतुर युक्ती लढविली की तिला ते ‘हॅक’ म्हणत. हीच पोरे पुढे संगणकाकडे वळली. म्हणजे हॅकर हा जातीचा कारागीर. यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. गिरणीतला जुना जॉबर साच्याच्या आवाजावरून बिघाड ओळखी, त्याच जातकुळीचा हा मनुष्य.

१९९९ साली व्हर्जिनियात चौघांनी मिळून हे दुकान काढले. रस्त्यावर त्याची पाटी नव्हती. मागणी इंटरनेटवरून येई आणि माल टपालाने जाई. सदरे साधेच, काळे. मौज होती ती अक्षरांत. एका सदऱ्यावर लिहिलेले असे की, जगात माणसांचे फक्त १० प्रकार आहेत, द्विमान पद्धत समजणारे आणि न समजणारे. संगणक एक आणि शून्य या दोनच अंकांत मोजतो आणि त्या मोजणीत ‘१०’ म्हणजे दोन, हे ठाऊक असणारा हसे. बाकीचे बघत राहत. दुसऱ्या सदऱ्यावर सरळ नकार होता : ‘नाही, मी तुमचा संगणक दुरुस्त करून देणार नाही.’ हा सदरा आम्हांस विशेष आवडला. नात्यागोत्यातले लोक कारागिराकडून फुकट काम कसे करवून घेतात हे कोणत्याही सुताराला विचारावे.

प्रत्येक सदरा थट्टेचाच होता असे मात्र नाही. डीव्हीडी तबकडीवरील चित्रपट कंपन्यांनी कुलूपबंद केले होते. ते कुलूप उघडणारा एक छोटा प्रोग्रॅम १९९९ साली बाहेर पडला. ‘कॉपीलेफ्ट’ नावाच्या दुसऱ्या एका दुकानाने तो सदऱ्यावरच छापला. तेव्हा २००० साली तबकड्यांच्या कुलपावर देखरेख ठेवणाऱ्या संघटनेने या सदरेवाल्यांनाही कोर्टात प्रतिवादी केले. म्हणणे असे की, यात आमचे व्यापारी गुपित आहे. अंगावरच्या कपड्यावर खटला! छापील अक्षर आणि चालते यंत्र यांत भेद कोठे करावयाचा, हा प्रश्न त्या सदऱ्याने चव्हाट्यावर आणला.

थिंकगीकची पुढली कथा भांडवलाच्या खेळाची आहे. लिनक्स ही संगणक चालविणारी प्रणाली हजारो लोकांनी हौसेने लिहून जगाला मोकळी दिली. तीवर चालणारे संगणक विकणाऱ्या ‘व्हीए लिनक्स’ या कंपनीचा भाग ९ डिसेंबर १९९९ रोजी ३० डॉलरला बाजारात आला आणि संध्याकाळी २३९ डॉलरवर बंद झाला. २००० साली एका बातम्यांच्या कंपनीबरोबर थिंकगीकही तिच्या पदरात पडले. लवकरच बाजार कोसळला. २००१ मध्ये कंपनीने संगणक बनविणे सोडले, पुढे नावे बदलली आणि २०१२ मध्ये उरलेली संस्थळेही २ कोटी डॉलरला विकून टाकली. शिल्लक राहिले सदऱ्यांचे दुकान! संगणक गेला आणि संगणकाचा अभिमान विकणे तेवढे चालू राहिले. २०१५ साली ‘गेमस्टॉप’ या खेळविक्रेत्या कंपनीने ते १४ कोटी डॉलरला घेतले आणि २०१९च्या जुलैत थिंकगीकचे स्वतंत्र संस्थळ बंद करून आपल्या पोटात घातले. ज्यांच्या वेडावर ही किंमत उभी राहिली त्या गिऱ्हाइकांना कोणी विचारले नाही. त्यांनी सदरा विकत घेतला होता, दुकान नव्हे.

आता ज्या सदऱ्यासाठी आम्ही हा विषय घेतला त्याकडे येऊ. त्याच्यावर लिहिलेले असे : ‘चालता हो, नाहीतर तुझ्या जागी एक अगदी चिमुकला प्रोग्रॅम बसवीन.’ त्या काळी याला सगळे हसत. पण हे वाक्य कोणाचे? ‘तुझ्या जागी यंत्र बसवीन’ ही धमकी आम्ही मालकाच्या तोंडून ऐकत आलो. येथे ती एक कामगार दुसऱ्या कामगाराला देत होता, आणि पदरचे पैसे मोजून छातीवर मिरवीत होता. आपली जागा कोणी घेणार नाही, असा त्याचा भरवसा होता. कारण प्रोग्रॅम लिहिणारा तोच ना! आज प्रोग्रॅम लिहिणारेही प्रोग्रॅम निघाले आहेत. २०२३च्या जानेवारीत गूगलच्या मूळ कंपनीने सुमारे १२ हजार लोकांना घरी पाठविण्याचे जाहीर केले. पुण्याच्या हिंजवडीत कामाला जाणाऱ्या मुलांच्या घरीही आता या गोष्टी जेवताना निघतात.

त्याच कंपनीत, त्याआधी दोन वर्षे, जानेवारी २०२१ मध्ये दोनशेहून अधिक लोकांनी युनियन जाहीर केली होती. वाटाघाटीचा कायदेशीर हक्क तिला नव्हता. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तिचे दार पहिल्या दिवसापासून कंत्राटी माणसांनाही उघडे ठेवले.