पोर्तुगीज चर्चमध्ये मान वर करून बघा

अँटॉप हिलकरांनो, दादर पश्चिमेला गेलात की पोर्तुगीज चर्चमध्ये जरूर जा. बसस्टॉपमुळे नाव सगळ्यांना पाठ, आत मात्र फार थोडे डोकावतात! १५९६ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी उभारलेल्या या चर्चची आजची वास्तू वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, १९७४ ते ७७ मधली. एरवी चर्चमधली रंगीत काच भिंतीतल्या खिडक्यांत असते. इथे ती डोक्यावर, छताच्या उंच काँक्रीट कवचांच्या माथ्याशी. आणि रंगवली कोणी? मकबूल फिदा हुसेन यांनी! पंढरपूरचा जन्म, उमेदवारीत मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवली, तेच हुसेन. गरम हवाही या कवचांतून वर निघून जाते, हे कोरियांचं डोकं. मला विचाराल तर ऐन दुपारी, ऊन डोक्यावर असताना जा. फक्त मिस्साची वेळ टाळा.