पन्नास मीटरच्या दगडाचा हिशेब

पृथ्वीला दुसरा चंद्र मिळाल्याची बातमी अधूनमधून कुठल्या तरी वाहिनीवर झळकतेच. बहुतेक वेळा तो काही महिन्यांचा पाहुणा असतो. कामोओआलेवा या लघुग्रहाचं प्रकरण निराळं आहे. हवाईच्या माउई बेटावर, हालेआकाला ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला तो २७ एप्रिल २०१६ रोजी सापडला. कक्षेचं गणित मागेपुढे फिरवून पाहिलं तेव्हा कळलं, की ही स्वारी शंभरेक वर्षं आपल्याच आसपास आहे आणि आणखी तीनेकशे वर्षं तरी हलत नाही.

आसपास म्हणजे किती, तर कमीत कमी दीड कोटी किलोमीटर आणि जास्तीत जास्त पावणेचार-चार कोटी. चंद्राच्या अंतराच्या ३८ ते १०० पट. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाची पकड साधारण १५ लाख किलोमीटरपर्यंतच चालते, म्हणजे हा दगड त्या हद्दीच्या चांगलाच बाहेर आहे. तो फिरतो सूर्याभोवती. पण एका फेरीला त्याला सुमारे ३६६ दिवस लागतात, आणि सगळी गंमत या आकड्यात आहे. त्याची कक्षा किंचित लांबट आहे. सूर्यापासून साडेतेरा कोटी किलोमीटरवर असताना तो वेगाने पुढे सटकतो, साडेसोळा कोटींवर गेला की रेंगाळतो. त्यामुळे पृथ्वीवरून पाहणाऱ्याला वाटतं, हा आपल्यालाच प्रदक्षिणा घालतोय.

तरीही अर्धा-पाऊण दिवसाचा फरक उरतोच. पृथ्वी दिवसाला २५ लाख किलोमीटरहून जास्त धावते. म्हणजे दरवर्षी तेरा ते एकोणीस लाख किलोमीटरचं अंतर पडायला हवं आणि शंभर वर्षांत हा गडी सूर्याएवढा दूर जायला हवा. तसं होत नाही. तो फार मागे पडू लागला किंवा पुढे निसटू लागला, की पृथ्वीची दुरूनच लागणारी क्षीण ओढ त्याची कक्षा जराशी बदलते आणि घसरण उलट दिशेने सुरू होते. पकड नसलेल्या ओढीनं एवढं काम व्हावं, हे मला चंद्राच्या फिरण्याहून जास्त नवलाचं वाटतं.

आता दगडाकडे वळू. त्याचा आकार ४० ते १०० मीटरच्या दरम्यान आहे. आपण ५० मीटर धरू आणि घनता चंद्रावरच्या खडकासारखी. वजन भरतं पावणेदोन लाख टन, पण त्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या पाच लाखाव्या हिश्श्याएवढी. साठ किलोचा माणूस तिथे पाच-सहा तांदळाच्या दाण्यांइतका भरेल. आणि हा दगड स्वतःभोवती २८ मिनिटांत एक गिरकी घेतो! आपल्या एका दिवसात त्याचे एक्कावन्न दिवस होतात. त्याच्या विषुववृत्तावरचा बिंदू सेकंदाला ९ सेंटीमीटरने फिरतो, आणि त्या दगडाची ओढ कायमची तोडायला सेकंदाला ३ सेंटीमीटरचा वेगही पुरतो. बाहेर फेकणारा जोर आत ओढणाऱ्या जोराच्या अठरा पट आहे. आकार ५० ऐवजी १०० मीटर धरला तरी हे अठरा बदलत नाहीत. त्रिज्या दोन्ही बाजूंनी कटते. म्हणजे विषुववृत्तावर सुटा धोंडा टिकणार नाही. चिकटून राहिलेली बारीक धूळ असलीच तर असेल.

त्याच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट चंद्रावरच्या खडकांशी जुळतो, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे हा चंद्राचाच उडालेला टवका असू शकतो. चंद्राच्या पलीकडल्या बाजूच्या जोर्दानो ब्रूनो या २२ किलोमीटर रुंद विवरातून तो उडाला असावा, असाही एक तर्क आहे. चंद्रावरून सुटायला सेकंदाला २.४ किलोमीटर वेग लागतो, त्यामुळे धडक चांगलीच जबर असणार.

खरंखोटं करायला चीनचं थ्यानवेन-२ हे यान मे २०२५ मध्ये शीचांगहून निघालं. बेत असा, की २०२६ मध्ये लघुग्रह गाठायचा, नमुने घ्यायचे, २०२७ च्या अखेरीस त्यांची कुपी पृथ्वीवर टाकायची आणि पुढे एका धूमकेतूकडे जायचं. नमुने घेण्याच्या योजनेत तरंगत राहून आणि क्षणभर टेकून माती उचलण्याखेरीज पाय खडकात रुतवून धरण्याचाही पर्याय ठेवला आहे. नुसतं टेकून बसायचं म्हटलं, तर विषुववृत्तावर तो दगड यानालाच सेकंदाला नऊ सेंटीमीटरने भिरकावून देईल.